वाचकांचे प्रश्न : तोफ, तिचा गोळा आणि तिचे तोंड

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी 'तोफ' या शब्दाविषयी आणि त्याच्या आगेमागे असणाऱ्या वाक्प्रचारांविषयी असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : 'तोफ' हा शब्द मूळचा कोणत्या भाषेतील? आमच्या वाचनालयात झालेल्या चर्चेत एका गृहस्थांनी तो संस्कृत असल्याचे आणि रामायण-महाभारतातील 'शतघ्नी' म्हणजेच तोफ असल्याचे ठामपणे सांगितले. दुसऱ्या एकांच्या मते तो पोर्तुगिजांनी आणला. आपण निवाडा करावा.

उत्तर : दोन्ही गृहस्थांची निराशा करावी लागणार आहे, कारण हा शब्द तुर्की आहे. तुर्की भाषेत 'तोप' म्हणजे गोल वस्तू, चेंडू, गोळा. आजही तुर्कस्तानातील मूल ज्याच्याशी खेळते तो चेंडू 'तोप'च असतो आणि रणगाड्यावर बसवलेली असते तीही 'तोप'च. इस्तंबूलमधील ओस्मानी सुलतानांचा जगप्रसिद्ध राजवाडा 'तोपकापी' या नावाने ओळखला जातो. त्या नावाचा अर्थ 'तोफेचा दरवाजा' एवढाच आहे. तुर्कीतून हा शब्द फारसीत गेला, तेथेही चेंडू आणि तोफ हे दोन्ही अर्थ त्याने टिकवले, आणि फारसी ही दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांची भाषा असल्यामुळे तो मराठीत उतरला. आपल्याकडे येताना मात्र चेंडू वाटेत गळून पडला आणि केवळ शस्त्र शिल्लक राहिले. हिंदी आणि गुजराती यांनी 'तोप' हा उच्चार कायम ठेवला, तर मराठीने 'प'चा 'फ' करून शब्दाला थोडा धूर आणि थोडा फुत्कार दिला, असे गमतीने म्हणता येईल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शस्त्राला नाव मिळाले ते नळीवरून किंवा धातूवरून मिळाले नाही. जे फेकले जाते त्या गोळ्यावरून मिळाले. 'बंदूक' या शब्दाची कथा हुबेहूब अशीच आहे. काळ्या समुद्राच्या काठी पोंटस नावाचा प्रदेश होता. तेथून येणाऱ्या एका कवचीच्या फळाला ग्रीक लोक 'पोंटसचे फळ' म्हणत, आणि त्या ग्रीक विशेषणाचे अरबीत 'बुंदुक' झाले. पुढे त्या फळाएवढ्या मातीच्या वा धातूच्या गोळीला बुंदुक म्हणू लागले, आणि अखेरीस ती गोळी मारणाऱ्या हत्याराला. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने तोफ हा चेंडू आहे आणि बंदूक हे सुक्या मेव्यातले फळ आहे.

आता शतघ्नीकडे वळू. 'शंभरांना मारणारी' हा तिचा शब्दार्थ मोहात पाडणारा आहे, आणि ती तटावर ठेवलेली असे असे उल्लेख महाकाव्यांत येतात, त्यामुळे तिच्यात तोफ पाहण्याची इच्छा अनेकांना झाली आहे. परंतु जुन्या संस्कृत कोशांत तिचे वर्णन लोखंडी काट्यांनी जडवलेले आयुध असे आहे. तटावरून खाली लोटून चढून येणाऱ्या शत्रूला चिरडणारा काटेरी ओंडका किंवा तशीच एखादी अवजड वस्तू त्या वर्णनात अधिक चपखल बसते. बंदुकीच्या दारूचा शोध चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास लागला. त्याच्या कितीतरी आधीच्या ग्रंथांत दारूने चालणारे शस्त्र शोधण्यात अर्थ नाही. मराठीपुरते बोलायचे, तर ज्ञानेश्वरी शके १२१२ मधील, म्हणजे इसवी सन १२९० मधील आहे, आणि तिच्यात युद्धाच्या उपमा पुष्कळ असल्या तरी त्या शस्त्रांच्या आणि बाणांच्या आहेत. तोफ त्या जगात अजून आलेलीच नव्हती.

पोर्तुगीज तर्क तुलनेने बरा आहे, कारण पोर्तुगीज जहाजांवरील तोफांनी पश्चिम किनाऱ्याला सोळाव्या शतकात खरोखरच धडकी भरवली होती आणि 'काडतूस', 'पिस्तूल' हे शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतले. मात्र तोफेसाठी त्यांचे स्वतःचे शब्द निराळे होते, आणि ते मराठीने उचलले नाहीत. तोफ ओतणारे आणि चालवणारे नामांकित कारागीर त्या काळी ओस्मानी मुलखातून येत. त्या मुलखाला फारसीत 'रूम' म्हणत, म्हणून या मंडळींच्या नावापुढे 'रूमी' लागे. १५२६ च्या पानिपतच्या लढाईत बाबराच्या तोफखान्यावर उस्ताद अली कुली होता आणि त्याच्या जोडीला मुस्तफा रूमी होता. कारागिरांबरोबर त्यांच्या हत्याराचे नावही आले. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याच्यात शस्त्रांचा स्वतंत्र वर्गही आहे. तरीसुद्धा लोकांच्या तोंडून तोफ काही गेली नाही. तोफखान्याला 'खाना' हा फारसी शब्द चिकटला आणि तोपचीला 'ची' हा तुर्की प्रत्यय. मशालची आणि तबलची यांच्यातही तोच प्रत्यय आहे.

प्रश्न : सभा गाजवणाऱ्या वक्त्याला 'मुलुखमैदानी तोफ' का म्हणतात? मुलूख आणि मैदान या दोन शब्दांचा वक्तृत्वाशी काय संबंध?

उत्तर : संबंध आहे तो विजापूरच्या एका तोफेशी, आणि मुलूख हा शब्द तेथे चुकून आला आहे. तोफेचे मूळ नाव 'मलिक-इ-मैदान', म्हणजे रणमैदानाचा राजा. अरबीत 'मलिक' म्हणजे राजा आणि 'मुल्क' म्हणजे त्याचे राज्य. दोन्ही एकाच धातूपासून निघालेले, आपला 'मालक'ही त्याच घरातला. मराठी माणसाला मुलूख रोजच्या बोलण्यातला आणि मलिक परका, त्यामुळे राजाच्या जागी राज्य आले आणि 'मुलुखमैदान' हे नाव रूढ झाले. परका शब्द कानाला ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवून घेण्याची ही खोड सगळ्याच भाषांना असते. अशा शब्दाला अशुद्ध ठरवून दुरुस्त करायला जाऊ नये, असे आमचे मत आहे. 'मलिकमैदानी वक्ता' असे लिहिले तर वाचकाला काहीच बोध होणार नाही.

ही तोफ १५४९ मध्ये निजामशाहीची राजधानी असलेल्या अहमदनगरात ओतली गेली आणि ओतणारा कारागीर रूमीच होता. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आतबाहेर, आणि नळीच्या तोंडातून माणूस आत सरकू शकेल एवढा व्यास. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ती वापरली गेली असे सांगतात. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तेथून १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. शहराच्या पश्चिमेकडील शेर्जा बुरुजावर ती आजही आहे. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यानंतर औरंगजेबाने त्या विजयाचा लेख तिच्यावर कोरवला. इंग्रजी अमलात, १८५४ मध्ये, निरुपयोगी धातू म्हणून तिचा लिलाव काढण्यात आला. सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची आली, आणि एवढ्या कमी पैशांत ती देण्यापेक्षा ठेवलेली बरी असा विचार होऊन ती वाचली.

वक्त्याशी तिचे नाते जुळण्याचे कारण तिच्या तोंडाशी गेल्यावर कळते. नळीचे तोंड सिंहासारख्या एका श्वापदाच्या जबड्याच्या आकारात घडवलेले आहे. जबडा पूर्ण वासलेला आहे, आणि त्याच्या दातांमध्ये एक हत्ती चिरडला जात असल्याचे दाखवले आहे. धातूचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत आहे की दातांच्या कडा आणि हत्तीचा आकार आजही नीट ओळखू येतो. तोफेशेजारी पाण्याचे एक कुंड आहे. बत्ती दिल्यावर गोलंदाज त्या पाण्यात बुडी मारत, नाहीतर आवाजाने कानाचे पडदे फाटत, अशी आख्यायिका तेथे ऐकवली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, लोकांच्या मनात या तोफेचे काय राहिले हे तिच्यावरून स्पष्ट होते. गोळा किती लांब गेला किंवा कोणता तट पडला हे कोणाला आठवत नाही. आठवतो तो वासलेला जबडा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. सभेत हजारोंसमोर उभा राहून प्रतिपक्षाला चिरडणारा माणूस मराठी माणसाला या तोफेसारखा वाटला, यात नवल नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्रे यांच्या वक्तृत्वासाठी हे विशेषण हमखास वापरले जाई. आज ते ध्वनिक्षेपकासमोर जरा चढ्या आवाजात बोलणाऱ्या कोणालाही लावतात, त्याला इलाज नाही.

हीच गोष्ट तोफेच्या इतर वाक्प्रचारांतही दिसते. मराठीत तलवार आली की धाक आणि शौर्य येते, ढाल आली की बचाव येतो, बाण आला की नेम येतो. तोफ आली की बोलणे येते. जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेचा आकारही मोठा आहे, तिचा दबदबाही होता, पण तिच्या नावाचे विशेषण झाले नाही. मुलुखमैदानाला तोंड होते, म्हणून ती भाषेत शिरली.

प्रश्न : 'तोफ डागणे' या प्रयोगातील 'डागणे' म्हणजे काय? डाग पडणे आणि तोफ डागणे यांचा काही संबंध आहे का? 'सरबत्ती', 'फैरी झाडणे', 'फुसका बार' हेही तोफेचेच शब्द आहेत का?

उत्तर : संबंध आहे, आणि तो समजण्यासाठी जुनी तोफ कशी चालत असे ते थोडक्यात पाहावे लागेल. ही तोफ तोंडाकडून भरायची असे. आधीच्या बाराचे धगधगते कण आत राहिले असतील तर नवी दारू अवेळी पेटून भरणाऱ्याच्याच जिवावर बेतत असे, म्हणून आधी काठीला बांधलेला ओला बोळा नळीत फिरवून ती आतून पुसून घेत. मग मोजलेली दारू आत जाई, तिच्यावर चिंध्यांचा बोळा, आणि गजाने ते सारे घट्ट ठासले जाई, त्यानंतर गोळा. नळीच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूस एक बारीक भोक असे, त्याला तोफेचा 'कान' म्हणत. त्या कानात बारीक दारू, म्हणजे 'रंजक', घालत आणि जळत्या दोरीच्या, म्हणजे जामगीच्या, टोकाने किंवा तापवलेल्या सळईने तिला स्पर्श करत. जनावराच्या अंगाला तापलेल्या लोखंडाने खूण करणे म्हणजे डागणे. मूळ फारसी 'दाग' म्हणजे तशी खूण. तोफेलाही तसाच पेटता चटका देत, म्हणून तोफ 'डागली' जाऊ लागली. कपड्यावरचा डाग आणि पूर्वी पोटदुखीवर देत त्या डागण्या ही याच शब्दाची भावंडे होत. आज वर्तमानपत्रे 'क्षेपणास्त्र डागले' असे लिहितात, तेव्हा कोणी कोठे चटका देत नाही, कळ दाबली जाते. पण शब्दाला त्याचे सोयरसुतक नसते.

वरील वर्णनातील जवळजवळ प्रत्येक क्रिया आज बोलण्याच्या व्यवहारात आली आहे. ठासणे हे क्रियापद घ्या. ते तोफेपेक्षा जुने आणि व्यापक आहे, पण 'ठासून सांगणे' म्हणताना विधान समोरच्याच्या डोक्यात गजाने बसवण्याचा भाव त्यात आहे, आणि 'ठासणीची बंदूक' या शब्दात त्याचा मूळ कामाचा अर्थ शाबूत आहे. 'सरबत्ती'तील बत्ती ही हीच पेटती बत्ती. एकामागून एक तोफांना किंवा बंदुकांना ती दिली की उसंत न देता मारा होतो, म्हणून मंत्र्यांवर प्रश्नांची सरबत्ती होते. 'फैर' मात्र इंग्रजीतून आली. पलटणींच्या कवायतीत गोळी झाडण्यासाठी जो इंग्रजी हुकूम होता, त्या 'फायर'चे मराठीत 'फैर' झाले आणि आपण तिचे अनेकवचनही मराठी वळणाने केले. येथे एक सूचना करावीशी वाटते. 'आरोप-प्रत्यारोपांच्या फैरी' हे बरोबर आहे, परंतु दोन देशांच्या शिष्टमंडळांमध्ये 'चर्चेची पहिली फैर' झडू शकत नाही. तेथे 'फेरी' हवी. दोन शब्दांतील एका मात्रेच्या फरकाने शांतता-चर्चेचे युद्ध होते, आणि छापील मजकुरातही हा घोटाळा वारंवार दिसतो.

'बार' म्हणजे एका वेळी भरलेली दारू आणि तिचा स्फोटही. दारू सर्द झालेली असली किंवा नीट ठासलेली नसली, की कानातली रंजक तेवढी फुसकन जळून जाते आणि गोळा जागचा हलत नाही. हा 'फुसका बार'. गाजावाजा करून बोलावलेल्या पत्रकार परिषदेत सांगण्यासारखे काहीच निघाले नाही, तर त्याला याहून नेमका शब्द सापडणार नाही. घाईघाईने लग्न उरकले तर लग्नाचा 'बार उडवून दिला' म्हणतात, तेथे आवाज आणि झटपटपणा या दोन्ही गोष्टी एका शब्दात येतात.

दारूचेही सांगायला हवे, कारण एका वाचकांनी पत्राच्या शेवटी ते खोडकरपणे विचारले आहे. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. रोग्याची दवादारू करणारा त्याला मद्य पाजत नाही. औषधी चूर्णे कुटून तयार करावी तशीच सोरा, गंधक आणि कोळसा यांची पूड तयार करत, आणि त्या पुडीलाही दारू हेच नाव मिळाले. मद्यालाही औषध म्हणण्याची सोय बहुतेक समाजांनी करून घेतलेली आहे. मराठीत तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. दारूगोळा, दारूकाम आणि दारूबंदी या तीन शब्दांतील दारू एकच असली, तरी दारूबंदी खात्याने दारूगोळ्याच्या कोठारावर छापा घालू नये, एवढे तारतम्य भाषा बोलणाऱ्याकडून अपेक्षित असते.

निवडणुकीच्या दिवसांत छापले जाणारे 'प्रचाराच्या तोफा थंडावल्या' हे वाक्य या परंपरेतील सर्वांत झिजलेले, पण सर्वांत अचूकही आहे. सतत डागलेली तोफ तापते, आणि मारा थांबल्यावरच ती थंड होते. प्रचाराच्या तोफा मात्र कायद्याने थंड होतात : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेता येत नाहीत. त्यामुळे सायंकाळी पाच किंवा सहाचा ठोका पडताच सगळ्या पक्षांच्या तोफा एकाच क्षणी गार पडतात. खऱ्या लढाईत असे कधी घडले नसेल.

'कान भरणे' हा वाक्प्रचारही तोफेच्या कानावरून आला का, असे याच वाचकांनी विचारले आहे. कल्पना सुंदर आहे, कारण कानात थोडेसे घातले की पलीकडे मोठा स्फोट होतो हे चहाडीलाही लागू पडते. तरीही ती आम्हांला ओढूनताणून आणलेली वाटते. माणसाचे कान भरण्यासाठी तोफेची वाट पाहण्याची गरज नव्हती. तोफेच्या कानाविषयीचा खरा प्रयोग वेगळा आहे. माघार घेताना तोफ नेणे शक्य नसेल, तर ती शत्रूला वापरता येऊ नये म्हणून तिच्या कानात खिळा ठोकत. इतिहासाच्या पुस्तकांत हा उल्लेख वारंवार येतो. त्याचा वाक्प्रचार झाला नाही ही खेदाची गोष्ट आहे, कारण एकाच नेमक्या प्रश्नाने वक्त्याला निरुत्तर करणाऱ्या श्रोत्यासाठी मराठीत असा शब्दप्रयोग हवा होता.

प्रश्न : 'तोफेच्या तोंडी देणे' हा वाक्प्रचार आम्ही कार्यालयात सर्रास वापरतो. वरिष्ठ स्वतः मागे राहून कनिष्ठाला साहेबांसमोर पाठवतात, तेव्हा 'मला तोफेच्या तोंडी दिले' असे म्हणतो. हा प्रयोग बरोबर आहे का?

उत्तर : प्रयोग बरोबर आहे आणि रूढ आहे, फक्त त्यामागची वस्तुस्थिती ठाऊक असावी. ही अलंकारिक भाषा नव्हती, प्रत्यक्ष देहदंडाची पद्धत होती. कैद्याला तोफेच्या तोंडाशी, पाठ किंवा पोट नळीला टेकवून बांधत आणि बार उडवत. मोगल काळापासून ही शिक्षा हिंदुस्थानात चालत आली होती आणि कंपनी सरकारने ती तशीच उचलली. १८५७ च्या उठावात तिचा वापर सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला; १० जून १८५७ रोजी पेशावर येथे ४० शिपायांना सैन्यासमक्ष तोफांच्या तोंडी देण्यात आले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मुंबईत, आज ज्याला आझाद मैदान म्हणतात त्या भागात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना याच पद्धतीने मारले. १८७२ मध्ये पंजाबातील मालेरकोटला येथे कूका शिखांनाही हीच शिक्षा झाली. देहाचे काही शिल्लक राहू नये, नातेवाइकांना अंत्यविधी करता येऊ नयेत आणि पाहणाऱ्यांनी ते दृश्य जन्मभर विसरू नये, हा हेतू त्यामागे उघड होता.

कडेलोट आणि हत्तीच्या पायी देणे या शिक्षांचीही अशीच गत झाली. आज संयमाचा कडेलोट होतो आणि कनिष्ठ कारकून तोफेच्या तोंडी जातो. शब्दातील रक्त वाळून गेले की तो वाक्प्रचार होतो, त्यामुळे आपण तो वापरण्यास हरकत नाही. अर्थाच्या बाबतीत एवढीच काळजी घ्यावी की, येथे दुसरा कोणीतरी ढकलणारा असला पाहिजे. स्वतःहून पुढे होणारा तोफेच्या तोंडी 'जातो' असे म्हणता येईल. त्याला कोणी 'दिले' असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : क्रिकेटमधील 'गोलंदाज' हा शब्द कोणी बनवला? 'फलंदाज' त्याच धर्तीवर आहे का?

उत्तर : गोलंदाज बनवावा लागला नाही, तो तयारच होता. एकोणिसाव्या शतकातील मराठी कोशांत त्याचा अर्थ तोफ चालवणारा असाच आहे. फारसी 'अंदाज' म्हणजे फेकणारा. तीर फेकणारा तिरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या हाताखाली जे होते ते गोलंदाज. पलटणींतून ते नाहीसे झाले आणि शब्द बेकार झाला, तेव्हा मैदानावर चेंडू फेकणाऱ्याला तो देण्यात आला. तुर्की 'तोप'मधून मराठीत येताना जो चेंडू वाटेत गळाला होता, तो असा दुसऱ्या दाराने आत आला. फलंदाज हा त्याच साच्यातून काढलेला नवा शब्द आहे. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ 'फळी फेकणारा' असा होईल, आणि बाद झाल्यावर चिडलेले काही खेळाडू तो सार्थ करतात. पण शब्द गोड आहे, लोकांनी स्वीकारला आहे, आणि त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

'सलामीचा फलंदाज' यातही लष्करी वास आहे. संस्थानी राजवटीत कोणाला किती तोफांची सलामी यावर मानापमान ठरत असे. बडोदे आणि ग्वाल्हेर यांना २१ तोफांचा मान होता, तर कोल्हापूरला १९ तोफांचा. समारंभाचा आरंभ सलामीने होत असल्याने डावाचा आरंभ करणाराही सलामीचा झाला.

प्रश्न : 'मोर्चा' आणि 'मोर्चेबांधणी' यांचा तोफेशी संबंध आहे असे ऐकले. खरे काय?

उत्तर : खरे आहे. फारसी 'मोर्चाल' म्हणजे वेढा घालणाऱ्या सैन्याने आडोशासाठी खणलेला खंदक आणि त्यामागची माती. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात किल्ल्याला 'मोर्चे लावले' असे येते, तेव्हा तोफा बसवण्यासाठी अशा जागा बांधल्या असा अर्थ असतो. एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावर मारा फिरवला की 'मोर्चा वळवला', म्हणून आजही पाहुणे गप्पा संपवून जेवणाकडे मोर्चा वळवतात. निवडणुकीआधीची 'मोर्चेबांधणी' मूळ अर्थाला धरून आहे, कारण तीही लढाईपूर्वी आणि बहुधा आडोशानेच केली जाते. रस्त्यावरून घोषणा देत जाणारा 'मोर्चा' मात्र अर्थाने पुष्कळ दूर गेला आहे : मूळचा मोर्चा एका जागी ठाण मांडून बसत असे, आणि आताचा चालत जातो.